जप्तीतून सुटलेला ब्लॉक

फौजदार भिंतीवरची चित्रं उतरवत होता आणि आमचे भास्करराव खुर्चीत बसून नुसते बघत होते. लोणावळ्याला रेल्वे कामगारांच्या हॉलमध्ये त्यांच्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन होतं. ते एका डाव्या पेपरचे व्यंगचित्रकार, मी तिथला ब्लॉकमेकर. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, इंग्रजी अंमल. चित्र सरकारविरोधी ठरायला वेळ लागत नसे.

ब्लॉक म्हणजे लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा. त्यावर चित्र उलटं उतरवायचं. बाकीचं ॲसिड खातं, रेषा तेवढ्या उभ्या राहतात. लोकांना छपाई दाखवायला मी एक ब्लॉक, रोलर आणि शाईचा डबा नेला होता. फौजदाराने ब्लॉक उचलला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला. त्याच्या हुकमात चित्रं होती, पत्रा नव्हता. जाताना बजावून गेला, यातलं एक जरी चित्र पुन्हा दिसलं तर आत टाकीन.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक म्हातारी दारात आली. पहाटेपासून चालत होती. तिचं गाव धरणात गेलेलं, आणि भास्कररावांनी ते चित्रात काढलंय असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. चित्रं नेली म्हटल्यावर ती मटकन खाली बसली. मला लाज वाटली. निदान हे तरी बघा म्हणून ब्लॉक तिच्या हातात दिला. धरणात पाय सोडून बसलेला वीज कंपनीचा शेठ, डोक्यावर विजेचे दिवे, पाण्याखाली देऊळ आणि चिंच. तिने पत्र्यावरून बोट फिरवलं.

“चिंच ह्या अंगाला न्हाई, त्या अंगाला. माज्या दारात व्हती.”

फौजदाराला दिसलं नाही ते हिला दिसलं.

“उलटं आहे मावशी. थांबा, सरळ करून देतो.”

“आत जाशील. आणि पेपरवर बंदी येईल म्हणून मालक घाबरतील, नोकरीही जाईल तुझी,” भास्करराव म्हणाले.

“जाऊ दे.”

मला राग आला होता, आणि रागात माझा हात चांगला चालतो. मशीन नव्हतं. रोलरने शाई लावली, कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. मावशीने कागद उजेडाला धरला आणि आता बराबर हाय म्हणाली. मग रांगच लागली. प्रदर्शनाला आलेले कार्ल्याचे, सुदुंबऱ्याचे लोक होते. कुणी कागद पटक्यात खोचला, कुणी भाकरीच्या फडक्यात. शाई संपली तेव्हा थांबलो.

दुपारी फौजदार परत आला. या खेपेला त्याने ब्लॉक, रोलर आणि मला, तिघांनाही नेलं. आठ दिवसांनी सुटलो. नोकरी गेलेलीच होती.

मूळ चित्रं कधीच परत आली नाहीत. स्वातंत्र्यानंतर पुन्हा प्रदर्शन भरलं तेव्हा धरणाचं चित्र मावशीकडून मागून आणावं लागलं. चुलीच्या धुराने ते पिवळं पडलं होतं. परत कधी देणार, हे तिने तीनदा विचारलं.

तेव्हापासून कुठेही जाताना मी शाई दुप्पट नेतो.