माझ्याच हातचं झाकण

गाडी मीच बिघडवली आणि मग तीन आठवडे तिचं दुखणं शोधत बसलो.

वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात माझं गॅरेज आहे. बाहेरच्या पाटीवर 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' असं लिहिलंय. ते मीच लिहून घेतलं, दुसरं कोण लिहिणार?

गाडी गुरुजींची. रिटायर्ड मास्तर, वीस-बावीस वर्षं जुनी कार्बोरेटरवाली गाडी. आठवड्यातून दोनदा बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यायचे. मशीनची वेळ ठरलेली. वेळ गेली की नंबर दुसऱ्याचा.

"मिस्त्री, जाताना वर्ध्याच्या अलीकडं बंद पडते," गुरुजी म्हणाले. "वीस मिनिटं थांबलं का आपोआप चालू होते. येताना काहीच नाई."

मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "तिले बी माह्यासारखं दवाखान्यात जायचं जिवावर येते."

चेहरा सुजलेला होता त्यांचा. तरी मी हसलो.

अशा वेळी मेकॅनिकनं एक प्रश्न विचारायचा असतो. मीही विचारला, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं?"

"काहीच नाई. तुमी ते टाकीचं झाकण नीट करून देल्लं तेवढंच."

"ते सोडा," मी म्हणालो.

त्या दोन शब्दांनी माझी अक्कल काढली, पण ते पुढं कळलं.

मला वाटलं, कॉइल. प्लगला ठिणगी पुरवणारी डबी. म्हातारी झाली की तापल्यावर दम सोडते, गार झाली की पुन्हा चालते. लक्षणं तंतोतंत. कॉइल बदलली. हिंगणघाटपर्यंत जाऊन आलो, गाडी मख्खन. पुढच्या फेरीला पुन्हा बंद.

मग टाकीतून इंजिनाकडं पेट्रोल ओढणारा पंप बदलला. पुन्हा ट्रायल, पुन्हा मख्खन. पुढच्या फेरीला गाडी रस्त्यात, बाई घामाघूम, गुरुजी बोनेट उघडून उभे. त्या दिवशी नंबर गेला. डायलिसिस दुसऱ्या दिवसावर ढकललं. बाईंनी ती रात्र उशीला टेकून बसून काढली. झोपलं की दम लागायचा.

"उद्या मीच चालवतो," मी त्याच संध्याकाळी म्हणालो होतो.

निघताना गुरुजींनी नेहमीप्रमाणे जामच्या पंपावर टाकी फुल केली. पेशंट सोबत, वाटेत थांबणं नको. मी मात्र दरवेळी ट्रायल घेतली ती अर्ध्या टाकीवर. हा फरक डोळ्यांसमोर घडला आणि मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलो.

वर्धा सात-आठ किलोमीटर राहिलं आणि गाडीनं दोन गचके दिले. बंद. ऊन मरणाचं. मी बोनेट उघडून त्या नव्या पंपावर ओलं फडकं टाकलं, कॉइलवर टाकलं. काही नाही. मागं बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "टाकीत पेट्रोल तरी हाय का?"

पाटीवर स्पेशालिस्ट असलेल्या माणसाला हा प्रश्न! त्यांना दाखवायलाच मी तणतणत गेलो आणि झाकण फिरवलं.

टाकीनं लांबलचक श्वास घेतला. फुस्सऽऽ.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही. समोर दुसरं पाडावं लागतं, हे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. टाकीच्या झाकणाला तसंच एक बारीक भोक असतं. पेट्रोल गेलं की तिथून हवा आत येते. महिनाभरापूर्वी बाईंना पेट्रोलच्या वासानं उमासे येतात म्हणून मी सायकलची ट्यूब गोल कापून झाकणाच्या आत चिकटवली होती. वास बंद. हवाही बंद. फुल टाकीत हवेला मुळात जागा कमी, म्हणून पेट्रोल लवकर अडायचं. उभ्या गाडीत हवा कुठूनतरी झिरपायची, की इंजिन चालू. येताना टाकी थोडी उतरलेली, हवेला जागा जास्त, म्हणून त्रास नाही.

मी ट्यूब उपटून काढली. स्टार्टर मारला. पहिल्या झटक्यात चालू.

"काय होतं?" गुरुजींनी विचारलं.

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण आरशात बाई माझ्याकडंच पाहत होत्या. सांगितलं. सेवाग्रामला पोचलो. नंबर गेलाच होता. संध्याकाळी मशीन मिळाली.

दिवाळीच्या आधी बाई गेल्या. डायलिसिसला झालेल्या उशिराचा आणि त्याचा संबंध होता का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

आता गाडी आली की आधी तिच्यातलं माझंच जुनं काम उघडून पाहतो. वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

परवा गुरुजी पंपावर दिसले. एकटेच. मागच्या सीटवर बाईंची उशी तशीच होती. जवळ जाऊन विचारलं, "गाडी कशी आहे, गुरुजी?"

त्यांनी झाकण स्वतःच्या हातानं लावलं, दोनदा तपासलं.

"बेस हाय," म्हणाले. "तुमच्याकडं आननं सोडलं, तवापासून एकडाव बी बंद नाई पडली."