भट्टीसमोरचा नवा कोबा

१२ मार्च, गुरुवार. सकाळी साडेसातला मी कोअर घासत बसले होते. लोखंडाच्या वस्तूच्या आत जी पोकळी हवी असते, तिच्यासाठी वाळूचा भाजलेला गाभा साच्यात ठेवतात, तो कोअर. आमच्या फाउंड्रीत हे काम चार बायका करतात आणि त्यातली एक मी. मालकिणीला वेगळी खुर्ची नाही. जुन्या करवतीच्या पात्याने कडा काढायची, ब्रशने झटकायचं, फळीवर ठेवायचं. त्या दिवशी हात चालत होते, पण लक्ष भट्टीसमोरच्या जमिनीवर होतं.

फाउंड्री उचगावच्या पुढे आहे. माझा नवरा आणि मोठे दीर दोघांनी काढलेली. दीर नंतर एका परदेशी कंपनीची कास्टिंगची खरेदी बघायला चीनला गेले आणि तिथेच राहिले. त्यांचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. गेल्या दिवाळीनंतर तो परत आला, पंचवीस वर्षांचा होऊन. नवरा गेल्यापासून मी आणि भट्टीवाले चाचा मिळून कारखाना रेटत होतो. दीर म्हणत, विकून टाका. पुतण्या म्हणाला, मला एक वर्ष द्या.

त्याचं मराठी चार वर्षांच्या मुलाचंच राहिलं होतं. साठी उलटलेल्या चाचांना तो विचारायचा, "चाचा, तू जेवलास?" कामगार तोंड फिरवून हसायचे. चाचा हसत नसत. "जेवलो की पावणं," म्हणायचे. कारखाना ज्याच्या बापाचा, त्यालाच पावणं म्हणण्यात काय असतं ते इथल्या कुणालाही कळलं असतं. तो खूश व्हायचा.

पण तो मूर्ख नव्हता. आल्या आल्या त्याने बंद पडलेला पंखा दुरुस्त करून घेतला, सगळ्यांना गॉगल दिले, धुळीविरुद्ध तर लढाईच काढली. माझा नवरा वाळूची धूळ छातीत घेऊन सहा वर्षं खोकत गेला. त्यामुळे पुतण्या धूळ काढू म्हणाला तेव्हा मी एका शब्दात हो म्हटलं. कशाला हो म्हणते आहे ते नीट विचारलं नाही. ही चूक माझी.

वितळलेलं लोखंड भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात घेतात आणि ते भांडं वरच्या रुळावर टांगून साच्यांपर्यंत ढकलत नेतात. ही वाट आमच्याकडे पहिल्यापासून कोरड्या वाळूची. थोडं लोखंड सांडतंच. वाळूवर पडलं की गप्प पडून राहतं. पुतण्याने ती वाळू उचलली आणि तिथे सिमेंटचा कोबा घातला.

"आनि सांडलं तर?" चाचांनी तेव्हाच विचारलं होतं.

"सांडायचं नाही, चाचा. तिकडे सगळीकडे काँक्रीट असतं."

"तिकडं भट्टीवर किती वर्सं काडली पावण्यांनी?"

त्याने एकही काढलं नव्हतं. तिकडे तो शाळेत आणि कॉलेजात होता. कारखाने पाहिले ते बापाबरोबर, पाहुण्यासाठी झाडून ठेवलेले.

कोब्याला बारा दिवस झाले होते आणि तेवढे दिवस भट्टी बंद होती. गुरुवारी पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा पहिला घाणा, निघणार होती, कारण पुण्याहून एका खरेदीदाराचे साहेब ओतकाम बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. नाही तर दीर विकायला काढणार, बत्तीस माणसं घरी बसणार आणि पुतण्या परत जाणार. हे सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी संध्याकाळी घरी निघताना मी एका कामगाराला पाइप गुंडाळताना पाहिलं. पुतण्याने कोबा धुऊन घेतला होता. फोटोत स्वच्छ दिसावा म्हणून.

सकाळी वरून कोबा पांढरा, कोरडा दिसत होता. "बघ काकू, सुका आहे," म्हणत त्याने बूट आपटून दाखवला. मी डब्यातलं स्टीलचं ताट काढलं आणि भट्टीसमोर पालथं घातलं. माहेरी, पेठ वडगावला, नव्या कोब्यावर धान्याची पोती ठेवायच्या आधी वडील असंच करायचे.

आठला भट्टी सुरू झाली. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. लॅडल धरायला चाचांचा जावई असतो, तो आला नव्हता. चाचांना विचारलं.

"त्याला आज नगं म्हनलंय मी."

"का?"

"लेकीला दोन ल्हान पोरं हाईत, वैनी."

एवढंच बोलून ते भट्टीकडे वळले. साचे भरणाऱ्या, मोल्डिंगच्या दोघांनी पायाला गोणपाट गुंडाळलं होतं. एक जण फावडं आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. एरवी हीटच्या वेळी आमच्या शेडमध्ये शिव्या आणि थट्टा यांना खळ नसतो. त्या दिवशी फक्त भट्टीचा आवाज होता.

सव्वानऊला मी ताट उचललं. आतून थेंब धरले होते, भातावरचं झाकण काढावं तसे. ते घेऊन मी पुतण्याकडे गेले. पुण्याचे साहेब चार पावलांवर मोबाइल धरून उभे होते.

"हे काय?" पुतण्या हळू आवाजात म्हणाला.

"कोब्याच्या आतलं पाणी आहे. वर लोखंड सांडलं की त्याची वाफ होऊन कोबा फुटेल. आज ओतायचं नाही."

"काकू, लोखंड वितळलंय. ते आलेत. आता नाही कसं म्हणू?"

"तोंडाने म्हण."

 तो चाचांकडे वळला आणि म्हणाला, "ओता."

"व्हय," चाचा म्हणाले. पण लॅडलला हात लावला नाही. नमुना काढायचा लांब दांड्याचा चमचा उचलला. "पावणं, आदी चमचाभर सांडून दावतो. मग तुमी सांगाल तसं. सायेब, मागं व्हा. आजून मागं."

मी कोअरवाल्या तिघींना शेडबाहेर काढलं आणि दारात उभी राहिले. चाचांनी भट्टीतून चमचा भरला, जितकं लांब उभं राहता येईल तितकं राहून कोब्यावर उलटा केला आणि पाठ फिरवली.

एक क्षण काहीच झालं नाही. पुतण्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलेलं मला दिसलं. मग आवाज झाला. सुतळी बाँबसारखा, पण जड. कोब्याचा बशीएवढा तुकडा उडाला आणि वरच्या पत्र्यावर लोखंडाचे थेंब ताडताड वाजले. दुसऱ्यांदा फुटलं, तिसऱ्यांदा फुटलं. चाचांच्या शर्टाची बाही जळत होती. मी धावत जाऊन ती कोरड्या पोत्याने दाबली. खाली कातडी सोललेली होती, रुपयाएवढ्या तीन जागी.

"चमचा हुता," चाचा पुतण्याला म्हणाले. आवाज चढवला नाही. "लॅडलात दोनशे किलो असतंय."

 पुतण्या कोब्याला पडलेल्या त्या भोकाकडे बघत होता, मग गोणपाट बांधलेल्या त्या दोघांच्या पायांकडे. "ओतायचं नाही," तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "कुणी ओतायचं नाही."

लोखंड भट्टीत ठेवून चालत नाही. मागच्या बाजूची जुनी वाळू अजून टाकून दिलेली नव्हती. ती भट्टीपासून शेडच्या टोकाला असलेल्या कोरड्या वाळूच्या खड्ड्यापर्यंत हातभर जाड पसरली आणि सगळं लोखंड त्या खड्ड्यात सोडलं. दोन तास लागले.  साहेब जेवायला थांबले नाहीत. "कळवतो," म्हणाले आणि गाडीत बसले.

चाचांना दवाखान्यात मी नेलं. परत आले तेव्हा पुतण्या गेटजवळ उभा राहून बापाशी फोनवर बोलत होता. अर्धं चिनीत, अर्धं मराठीत. फोन ठेवून म्हणाला, "बाबा म्हणतात तिकीट काढ."

"तू काय म्हणालास?"

"काही नाही. चाचांचा हात कसा आहे?"

"हात बरा होईल. त्यांना जाऊन विचार. आणि अहो म्हण."

तो गेला की नाही, मी बघितलं नाही. मला रात्रभर तो पत्र्यावरचा ताडताड आवाज येत होता. माझ्या एका होकारावर जावयाच्या जागी दुसरा कोणी लॅडल धरून उभा राहिला असता, आणि त्याच्या बायकोला सांगायला मलाच जावं लागलं असतं. काय शब्द वापरले असते तेही मी जुळवत होते.

शुक्रवारी सकाळी सहाला मी कोबा फोडणाऱ्याला फोन केला. नऊला येतो म्हणाला, मी सातला ये म्हटलं. कोरड्या वाळूच्या दोन ट्रॉल्या सांगितल्या. मग पुतण्याचं दार वाजवलं. कोब्याखालून विजेची केबल कुठून नेली आहे ते फक्त त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याने खडूने आखून दिल्याशिवाय मी तिथे कुणाला मशीन लावू देणार नव्हते.