मानाच्या घराची मालकीण

शिवानी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी म्हसळ्याच्या. ती आता पनवेलला राहते, एका ऑफिसात काम करते आणि तीन घरं भाड्याने देते. दोन मुरुडला, एक दिघीच्या खाडीजवळच्या गावात. तिन्ही घरं ती फोनवरून चालवते. दाराला आकड्यांचं कुलूप, दारावर कॅमेरा, कॅमेऱ्यात स्पीकर. पाहुणे आकडे दाबून आत जातात, राहतात, निघून जातात. ती त्यांना भेटत नाही. खाडीजवळच्या घरी ती तीन वर्षांत दोनदा गेली. तिच्या सांगण्यावरून मीच जास्त वेळा गेले.

"घरात जीव अडकवायचा नसतो," ती म्हणते. "घर कामाला लावायचं असतं."

तिचे वडील शाळेत मास्तर होते. शेजारी त्यांच्या परसातून ये-जा करायचे. मास्तर म्हणायचे, जाऊ दे, माणसंच आहेत. पुढे शेजाऱ्यांनी त्या वाटेवर वहिवाट सांगितली. मास्तर कोर्टात हरले. परसाचे दोन तुकडे झाले. शिवानी तेव्हा दहावीत होती.

"चांगुलपणाची वहिवाट पडते," हे तिचं वाक्य आहे. मी ते बऱ्याचदा ऐकलं होतं. मला ते आवडायचंही.

खाडीजवळचं घर मानाचं. रंगपंचमीला ग्रामदेवीची पालखी गावात फिरते, ती पहिली या घरात येते. दार उघडं लागतं, आत दिवा लागतो, घरातल्या बाईला देवीची ओटी भरावी लागते. आधीचे मालक ठाण्याला गेले. घर विकताना त्यांनी एवढंच मागितलं, की पंचमीला दार उघडं ठेवा. शिवानी हो म्हणाली. कागदावर काही नव्हतं.

पहिली दोन वर्षं दार शकूताईंनी उघडलं. त्या कुंपणापलीकडे राहतात. झाडलोट, चादरी, नारळ, सगळं त्याच बघायच्या. ओटीही त्यांनीच भरली.

गावकीत काहींना हे पटत नव्हतं. मालकीण येत नाही, घरात रोज नवी माणसं, तर मान दुसऱ्या घराला द्या, असं चाललं होतं. माघात बैठक झाली. शकूताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दार उघडं मिळेल, माझा शब्द. त्या गावकीत बाई बोललेली कुणाला आठवत नव्हती.

यंदा पंचमी रविवारी आली. शिवानीने घर पाहुण्यांना दिलं.

शकूताईंचा फोन आला तेव्हा मी पनवेलला तिच्याकडे होते. तिने फोन स्पीकरवर ठेवला आणि भाजी चिरत राहिली.

"बाय, पंचमीला घर मोकलं हाय ना?"

"पाहुणे आहेत, शकूताई. अंगण मोकळंच आहे. तिथे बसवा ना पालखी."

"आंगनात कुत्रं बी येतंय. देवी घरात येते."

"दरवर्षी येते, तेच तर म्हणते मी."

"मी शबूद दिलाय बाय. समद्या बाप्यांसमोर."

"मला विचारून द्यायचा होतात."

शकूताई म्हणाल्या, "घर घेताना तुमी पन दिलावता." आणि फोन ठेवला.

शिवानीने हात पुसले आणि कुलपाचे आकडे बदलले. पाहुण्यांना नवे पाठवले. शकूताईंना नाही.

"अगं, हे कशाला?" मी विचारलं.

"शकूताई उघडेल ना. बंद दार बघून पालखी पुढे जाईल. आपल्याकडे शिमग्याला अर्धी घरं बंद असतात. थांबते का कुठे?"

नाही थांबत. आमच्या आळीत तरी नाही. मलाही ते बरोबर वाटलं. मी शकूताईंना आकडे बदलल्याचं सांगितलं नाही.

रविवारी लक्ष ठेवायला तिने मला तिथे पाठवलं. मी एसटीने गेले. दहाच्या सुमाराला पालखी आली. पुढे ढोल, सनई, मागे सगळं गाव. पालखीच्या पुढच्या दांडीला शकूताईंचा नवरा, सदू. शकूताई नवी साडी नेसून दारात उभ्या होत्या. हातात ओटीचं ताट.

त्यांनी ताट डाव्या हातात घेतलं आणि आकडे दाबले. लाल दिवा लागला. परत दाबले. लाल. तिसऱ्यांदा एकेक आकडा सावकाश दाबला. लाल. ढोल आपोआप थांबला.

तेवढ्यात दारावरून शिवानीचा आवाज आला. मोठा, स्वच्छ.

"कृपया इथे गर्दी करू नका. घरात गेस्ट आहेत."

गावकीचे म्हातारे, महादेवनाना, पुढे झाले. त्यांनी कॅमेऱ्याकडे मान वर करून पाहिलं.

"कोन बोलतंय?"

"मी घराची मालकीण."

"मालकीन हाय तर दिसत का न्हाय? आमची देवी बी दिसते."

माणसं हसली. मागून कुणी ओरडलं, "नाना, त्या डबीला बी नारळ फोडा!"

"मी पोलिसांना फोन करीन," शिवानी म्हणाली.

"करा की. पोलिस बी ह्याच गावचा हाय, पालखीच्या मागं उभा हाय."

खिडकीतून एक पाहुणा डोकावला. पुण्याचा असावा. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आम्हाला चालेल हो. मी उघडतो आतून. पाच मिनिटांचा प्रश्न."

"उघडू नका," शिवानी म्हणाली. "बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही, नियमात लिहिलंय. आणि एकदा उघडलं की दरवर्षी उघडावं लागेल."

पाहुणा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खिडकी लावून घेतली.

तेव्हा मला समजलं. अडचण पाहुण्यांची नव्हतीच. घर रिकामं असतं तरी तिने दार उघडलं नसतं.

पालखी पुढे गेली नाही. इथे पहिलं घर ओलांडून पालखी जात नाही. हे शकूताईंना ठाऊक होतं, अंगणातल्या पोराटोरांना ठाऊक होतं, आम्हा दोघींना नव्हतं. बारा वाजत आले. भोई खांदे बदलत होते. मी शिवानीला फोन लावला.

"उघड," मी म्हटलं. "पाया पडते तुझ्या."

"तू कोणाच्या बाजूने आहेस, क्षिप्रा?"

तिने फोन कापला.

शेवटी नानांनी हात वर केला. देवीपुढे वाकले, काही पुटपुटले. मग म्हणाले, "हे घर सुटलं. माझ्या दारात चला."

मान स्वतःच्या घराला हवा असं माघात सर्वांत मोठ्याने बोलले होते ते नानाच. भोई वळले. जाता जाता ते शकूताईंपाशी थांबले.

"बाईच्या शब्दावर गेलो नि देवीला उन्हात उभी केली. परत गावकीत तोंड उघडू नको."

सदू पालखीखाली होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. ढोल सुरू झाला. शकूताई ताट घेऊन तशाच उभ्या. मी जवळ गेले.

"ताई, मला माहीत होतं," मी म्हटलं. "आकडे बदलल्याचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तरी शिकलेली," एवढंच म्हणाल्या आणि कुंपण ओलांडून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला आल्या नाहीत. दुसरं कुणीही आलं नाही. शिवानीने गावात पाच जणींना फोन केले. कुणाची कंबर दुखत होती, कुणाची सून बाळंत होणार होती.

पुढच्या शनिवारी ती स्वतः आली. दुपारी नवे पाहुणे यायचे होते. मला म्हसळ्याहून गाडीत घेतलं.

घरात आठवड्यापूर्वीच्या चादरी तशाच होत्या. सिंकमध्ये भांडी. शिवानी कुंपणापाशी गेली. शकूताई अंगण सारवत होत्या.

"शकूताई, झालं गेलं सोडा. पुढच्या वर्षी दार उघडं ठेवू. लिहून देते हवं तर."

"पालखी न्हाय यायची. मान नानांकडं गेला."

"कायमचा?"

"कायमचा."

शिवानीने कुंपणावर हात ठेवला. मला वाटलं, आता माफी मागेल.

"म्हणजे पंचमीची तारीख मोकळी झाली," ती म्हणाली.

शकूताईंनी शेणाचा हात तसाच हवेत धरला. मग परत सारवायला लागल्या. परत वर पाहिलं नाही.

शिवानी आत आली, भांडी घासायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. टाकी रिकामी होती. पंप कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. तिने फोनमधले घराचे फोटो पाहिले. त्यात पंप नव्हता. श्रीवर्धनच्या प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, शकूताईंना विचारा, त्याच चालवतात.

पाहुण्यांचा फोन आला. ते म्हसळ्यापर्यंत पोचले होते.

"तुला माहितेय का पंप कुठेय?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

खिडकीतून शकूताई दिसत होत्या. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. शिवानी खिडकीशी गेली. उभी राहिली. मग फोन काढून तिने पाहुण्यांना लिहायला घेतलं, की पाण्याच्या बाटल्या येताना घेऊन या.