डाव्या स्पीकरची सारंगी

क्रांती चौकातल्या मोबाईलच्या दुकानात सोल्डरिंगचा कडवट धूर नाकात गेला आणि मला उस्मानपुऱ्यातल्या रेडिओवाल्याचं टेबल आठवलं.

आमचे हे रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून मी गाणी अगदी हळू लावायची. तेवढ्या आवाजात आमच्या प्रीअँप्लिफायरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या डब्यावर, डावा स्पीकर मुकाच राहायचा. हे म्हणायचे, "भाकरी थापताना एक कान बास होतो."

अशी चार वर्षं गेल्यावर एक दिवस मीच तो डबा पिशवीत घालून रेडिओवाल्याच्या दुकानात नेला.

"भाभी, आवाजाचं बटण आतून घासलंय. चांगल्यातलं बसवावं लागंल. साहेबांना पाठवा," रेडिओवाला म्हणाला.

"साहेब झोपलेत. ऐकायचं मला आहे. बसवा."

त्यानं बसवेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. घरी येऊन हळूच लावलं, तर दोन्हीकडून सारखं वाजलं. रोजच्या त्या गाण्यात सारंगी आहे, हे मला तेव्हा कळलं.

हे आवाजानं नव्हे, भुकेनं उठले. नवं बटण बघून म्हणाले, "कुणाला विचारून केलंस?"

"कुणालाच नाय."

तेव्हा वाटलं, आपण लई तोंड वर केलं. आज वाटतं, चार वर्षं उगीच थांबले.