मुराळ्यावाचून

नातीच्या कॉलेजानं तिला मोबाइलवर सूचना धाडल्यात. सुट्टीला विमानानं घरी जाताना काय करावं, काय करू नये. बॅगेत काय चालतं, पाण्याची बाटली कुठं ठेवायची, किती तास आधी पोचायचं. मी चष्मा लावून सगळं वाचलं आणि फोन तिच्या हातात परत दिला. म्हटलं, बये, सगळं आहे ह्यात, पण घरी पोचल्यावर दारात काय बोलायचं ते कुणी लिहिलेलं नाही. खरं अवघड तेच असतं.

मी पहिल्यांदा विमानात बसले ती सन साठ-बासष्टच्या सुमाराला. तेव्हा हैदराबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. यवतजवळच्या खेड्यातली पोर इतक्या लांब कशी, तर धाकटे काका रेल्वेत होते आणि त्यांची नेमणूक तिकडं होती. वर्षभरात त्यांची बदली झाली, मी वसतिगृहात राहिले. तेव्हापासून दर सुट्टीला मला न्यायला माझा थोरला भाऊ यायचा. आमच्याकडं त्याला मुराळी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायचं तर माहेरचा माणूस धाडायचा, त्यावाचून तिनं पाऊल उचलायचं नाही. माझं लग्न कुठं झालं होतं? पण आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो नियम मलाही लावला. मी आपली ट्रंकेवर बसून दादाची वाट बघायची, पार्सलासारखी.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आबांचं पत्र आलं. गुऱ्हाळ सुरू होतंय, दर सुट्टीला मुराळी धाडणं आता जमायचं नाही. या खेपेला दादा येईल तेव्हा ट्रंक, गादी, पुस्तकं, सगळं घेऊन ये. शिकलीस तेवढं पुष्कळ झालं. तरण्याताठ्या पोरीनं रात्रीच्या गाडीनं, वाडी जंक्शनला गाडी बदलत एकटीनं येणं-जाणं आपल्यात बसत नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शिक्षण बंद का, तर नापास झाले म्हणून नाही, काही वाकडं पाऊल पडलं म्हणूनही नाही. न्यायला माणूस नाही म्हणून! मी रडले, ते एकदाच. मग पत्र पुन्हा वाचलं. आबांचं म्हणणं काय, तर रात्रीची गाडी आणि वाडीचं स्टेशन. ठीक आहे. हैदराबादेहून पुण्याला विमान जायचं. सकाळी बसलं की दुपारच्या आत पुणं, मध्ये बदलाबदली नाही. स्कॉलरशिप नुकतीच हातात पडली होती. दादा निघायचा होता त्याच्या आदल्या दिवसाचं तिकीट मी काढून आणलं.

आता वसतिगृहातून सुटायचं कसं? तिथंही नियम तोच, घरचं माणूस आल्यावाचून मुलीला सोडायचं नाही. मेट्रनबाई शिरूरच्या, मिशनच्या कंपाउंडात वाढलेल्या ख्रिस्ती बाई. मराठी आमच्यासारखं बोलायच्या, पण शिस्तीला महाकडक. मी आबांचं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि रजिस्टर उघडलं.

"सोबत कोण?"

"मी."

"मी कोण?"

"मीच. मला न्यायला मीच आलेय, बाई."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. सोबतीच्या माणसाचं नाव लिहायचं त्या जागी त्यांनी माझंच नाव लिहिलं आणि खाली सही ठोकली. म्हणाल्या, "कुणी विचारलं तर मी बघून घेईन. पण परत आली नाहीस तर तुझी गय करणार नाही, सांगून ठेवते."

आणि मग त्यांचा उपदेश सुरू झाला. स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण मिशनच्या मडमांना पोचवायला गेलेल्या होत्या ना! पेनातली शाई काढून टाक, वर गेल्यावर गळते. कानात कापूस घाल. तोंडात पेपरमिंट ठेव. सकाळी तड लागेस्तवर खाऊ नकोस. आणि एकटीच का म्हणून कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. ट्रंक आणि गादी मी त्यांच्याच ताब्यात ठेवली, मुद्दाम.

बेगमपेठच्या विमानतळावर सामानाबरोबर माणसांचंही वजन करत. मला काट्यावर उभं केलं आणि तिथल्या माणसानं आकडा खच्चून पुकारला. रांगेतले दोघं फिदीफिदी हसले. यवतच्या बाजारात गुळाची ढेप अशीच पुकारतात. मी म्हटलं, "अब भाव भी बोल दो." तो गोरामोरा झाला. शिडी चढून वर गेले तर आत सतरंजी अंथरलेली, स्वच्छ. मी चपला काढून हातात घेतल्या. हवाई सुंदरी म्हणाली, घाला, घाला. घातल्या, पण जीव खालीवर होत होता, कुणाच्या सतरंजीवर अशी चपलेनं मी कधी गेले नव्हते.

खोटं कशाला बोलू, चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा जेजुरीच्या खंडोबाला हाक मारली मी. शेजारच्या गृहस्थांनी विचारलंच, "एकट्याच निघालात?" मी त्यांच्या हातावर एक पेपरमिंट ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पुणं जवळ आल्यावर खाली एक नदी दिसली. भीमा असावी. आबांचा ऊस कुठला ते काही कळलं नाही.

पुण्याहून एस.टी. धरली, यवतला उतरले आणि चालत घरी आले. दिवस अजून चांगला वर होता. दादा दुसऱ्या दिवशी निघायचा म्हणून त्याची पिशवी भरणं चाललं होतं. आबा ओट्यावर बसलेले.

"आगं! तू? कुणासंगं आलीस?"

"एकटी आले. विमानानं. रात्रीची गाडी नाही, वाडी नाही, काही नाही."

"आन् ट्रंक?"

"वसतिगृहात. मी परत जाणार आहे."

"तुला लिव्हलं हुतं न्हवं?"

"मुराळी धाडता येत नाही म्हणून शिक्षण बंद, असं लिहिलं होतं. आता मुराळी लागत नाही. दुसरं काही कारण असलं तर सांगा."

असं मी आबांशी जन्मात बोलले नव्हते. आबा ताडकन उठले. "लई शिकलीस व्हय! ह्या घरातली बाई आजपतुर मुराळ्याबिगर कुठं गेली न्हाई. तुझ्या आयेला इचार!"

आई चुलीपुढनं उठून दारात आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "व्हय. न्हाई गेले. नऊ वर्सं झाली."

आईचं माहेर इनामगाव. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात मानपानावरून आबांचं आणि मामाचं बिनसलं. मामा मुराळी धाडेना आणि आबा असं कसं जाऊ देतील? आजी तिकडं डोळ्यांनी अधू झाली, ते आईला कुणाच्या तरी तोंडून कळलं. आईनं कधी ब्र काढला नव्हता. आम्हाला वाटायचं, तिला त्याचं काही नाही. कसली आंधळी असतात पोटची पोरं!

"तिकडं भावानं आपला मान राखला, हिकडं तुमी," आई म्हणाली. "औंदाच्या भाऊबीजंला मी जाणार."

"एकटी?"

"पोरगी आभाळातनं आली. मला चौफुल्याला गाडीच बदलायचीय."

आबा खाली बसले. मग त्यांनी दादाला पिशवी सोडायला सांगितली. रात्री जेवताना, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "कालेज कवा उघडतंय?" होकार म्हणायचा तो एवढाच. मला पुरला.

भाऊबीजेच्या सकाळी मी आईला यवतच्या स्टँडवर पोचवायला गेले. तिनं आयुष्यात स्वतः तिकीट काढलं नव्हतं. मी सांगत होते, ड्रायव्हरच्या मागं बस, पैसे मुठीत धर, चौफुल्याला उतरायचं म्हणून कंडक्टरला आधीच सांग, तिथं शिरूरकडची गाडी विचार, नदी ओलांडली की जागी राहा. ती मान डोलवत होती, पण ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. गाडी आली. मला राहवेना. म्हटलं, "आई, मी येऊ का गं सोबत?"

तिनं एक पाय पायरीवर ठेवला होता. तिथनंच ती माझ्यावर कडाडली, "तू आलीस म्हंजी मुराळीच झालीस की. ऱ्हा हितंच!"