वाट पाहण्याचे तीन शब्द

घानातल्या साल्टपाँडच्या पोस्टाबाहेर पत्रं लिहून देणारे चौघं बसत. तिघे पुरुष, आणि चौथी माझी शाळेपासूनची मैत्रीण अबा बेंत्सिल. पुरुषांकडे छत्र्या होत्या, अबाकडे कडुनिंबाचं झाड होतं. त्यांच्याकडे रोज गिऱ्हाईक असे, अबाकडे मंगळवारी. मंगळवारी आमचे कोळी समुद्रात होडी घालत नाहीत, त्यामुळे बायकांना मासे निवडायचे नसतात की धुरीवर ठेवायचे नसतात. त्या न्हाऊन, चांगलं कापड नेसून अबाकडे येत. पुरुषाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोला कळते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अबाला खरं तर शिक्षिका व्हायचं होतं. वडील गेले, पाठचे दोन भाऊ शिकायचे होते, म्हणून तिनं शाळेतून मोडीत निघालेला टाइपरायटर घेतला आणि पोस्टासमोर टेबल टाकलं. पहिले सहा महिने लोक नुसते बघायला येत. शेजारी बसणारे मिस्टर दाद्झी म्हणायचे, "मिस बेंत्सिल, बाईमाणसानं पत्रं लिहिली तर ती पोचतात का हो?"

"तुमची पोचतात, पण उत्तर येत नाही," अबा म्हणायची, "त्यापेक्षा न पोचलेलं बरं."

यात तथ्य होतं. दाद्झींचं प्रत्येक पत्र एकाच ओळीनं संपे: आपल्या कृपाळू उत्तराच्या प्रतीक्षेत आगाऊ आभार. नोकरीचा अर्ज असो, जावयाला धमकी असो, शेवट तोच. एकदा त्यांनी बाप गेलेल्या माणसाला सांत्वनाचं पत्र लिहिलं आणि त्याचेही आगाऊ आभार मानले. गिऱ्हाइकांना ती ओळ फार आवडे. तिच्याशिवाय पत्राचे पैसे फिटल्यासारखे त्यांना वाटत नसत.

अबा ती ओळ लिहीत नसे; इंग्रजीत तिच्यात 'अँटिसिपेशन' असे. आमच्या शाळेत सिस्टर बर्नार्डीन होत्या. त्यांनी आम्हाला वाट पाहण्याचे इंग्रजी शब्द फार जपून वापरायला शिकवलं होतं. होप कुणीही लिहावा, म्हणायच्या, त्याला काही लागत नाही. एक्स्पेक्ट लिहायचा तर समोरच्यानं तसं कबूल केलेलं असावं, निदान तुम्हाला काही कारण असावं. आणि अँटिसिपेट लिहिण्याआधी मुलींनो, आपल्या हातांकडे बघा. जे येणार आहे त्याच्यासाठी या हातांनी आधीच काही केलंय का? केलं नसेल तर खाली ठेवा तो शब्द. आम्ही बाकीच्या परीक्षेपुरतं शिकलो. अबानं ते गिऱ्हाइकांना लावलं.

माझ्या रोजनिशीत ६ मे १९६९, मंगळवार, या तारखेला लिहिलंय: 'आज एकुआ ओतू अबावर ओरडली. पोस्टाच्या आतपर्यंत ऐकू गेलं.' त्या दिवशी मी झाडाखाली अबाच्या शेजारीच बसले होते, तेव्हा पोस्टातल्यांपेक्षा जास्त मला ऐकू आलं.

एकुआ ओतूला सगळा किनारा एना म्हणे, म्हणजे आई. तिच्या दोन होड्या होत्या, तिसरी नवी किनाऱ्यावर बांधून होत आली होती. जुलैत हेरिंग मासे लागायच्या आत ती पाण्यात उतरवायची होती. आणि मुलगा क्वामेना आल्याशिवाय ती उतरवायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. क्वामेनाला जाऊन तीन वर्षं झाली होती. होडीला इंजिन लावू या, असं त्यानं म्हटलं, तेव्हा एना सगळ्यांदेखत म्हणाली होती, "इंजिन घरात येईल त्या दिवशी तू बाहेर." तो त्याच दिवशी बाहेर पडला आणि तेमा बंदरात इंजिनं दुरुस्त करायला लागला. तिनं दाद्झींकडून दोन पत्रं पाठवली. दोन्हीत त्याचे आगाऊ आभार मानले होते. उत्तर आलं नाही.

"जोरदार लिही," एना म्हणाली. "एक्स्पेक्ट लिही. मोठी माणसं लिहितात तो."

"एना, त्यानं येतो म्हटलंय का?"

"म्हटलं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

"मग तो शब्द आपला नाही. होप लिहिते."

"होप? अगं, जाळ्यात मासा यावा म्हणून मी होप करते! हा माझ्या पोटचा आहे." एनानं केंकीची, म्हणजे मक्याच्या उंड्यांची, पुडी टेबलावर आपटली. "तुझ्याकडे तिसरा आहे ना एक लांबलचक? तो लिही."

"त्याच्यासाठी काही करावं लागतं. क्वामेना येणार म्हणून तुम्ही आजवर काय केलंत?"

"काय करायचंय? आणि केलं आणि तो आला नाही, तर? सगळा किनारा हसेल मला."

"हो," अबा म्हणाली. "त्याचीच किंमत आहे त्या शब्दाला."

त्यावर एना जे ओरडली ते मी रोजनिशीत लिहिलेलं नाही. सिस्टर बर्नार्डीन ती वही कधीतरी वाचतील, अशी भीती मला अजूनही वाटते. शेवटी ती म्हणाली, "दाद्झी कधी प्रश्न विचारत नाही. तू पत्र लिहितेस की कबुलीजबाब घेतेस?" आणि केंकी उचलून तरातरा गेली.

शुक्रवारी किनाऱ्यावर गर्दी जमल्याचं कळलं. एनानं सुतार अहिनला बोलावून नव्या होडीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, इंजिनासाठी लाकडी बैठक ठोकायला सांगितली होती. इंजिन नाही, ते चालवणारा नाही, नुसती बैठक.

"एना, यावर कोण बसणार?" एक नाखवा म्हणाला. "कोंबडी?"

"तू बस," एना म्हणाली. "तुझा आवाज इंजिनाएवढाच आहे."

सगळा किनारा हसला. ती कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली आणि बैठक पुरी होईपर्यंत हलली नाही.

पुढच्या मंगळवारी ती परत आली. अबाला काही विचारावं लागलं नाही. बैठकीचं सगळ्या गावाला माहीत होतं. अबानं चारच ओळी टाइप केल्या. होडी तयार आहे. अहिननं मागच्या बाजूला इंजिनाची बैठक ठोकली आहे. मी ती ठोकवून घेतली. तू येणार म्हणून, आणि इथे तो तिसरा शब्द, अँटिसिपेट. खाली आईचा अंगठा.

"एवढंच?" एना म्हणाली. "मी माफी मागितली की नाही यात?"

"मागितलीत की. बैठक ठोकलीत ना."

तीन आठवडे काही आलं नाही. एना रोज पोस्टात येऊन अबाकडे न बघता परत जाई. दाद्झी छत्रीखालून हळूच म्हणाले, "आगाऊ आभार घातले असते तर आलं असतं." त्या दिवसांत अबा नीट जेवतही नव्हती, हे मला ठाऊक आहे, कारण तिचा डबा मीच संपवत होते.

३ जूनला पत्र आलं. एनानं ते फोडून अबापुढे धरलं. अबानं वाचलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला वाचता येईना, म्हणून मी वाचलं:

'एना, बैठक किती उंचीवर ठोकली? अहिनला इंजिनातलं काय कळतं? खाली ठोकली असेल तर पंखा वाळूत रुतेल. मी येईपर्यंत त्याला हातोडीला हात लावू देऊ नका.'

"येईपर्यंत," एना म्हणाली. "येईपर्यंत म्हणालाय. पुन्हा वाच." मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा दाद्झीही ऐकायला आले.

१४ जूनला, शनिवारी, क्वामेना लॉरीतून उतरला तो घरी न जाता सरळ किनाऱ्यावर. पिशवीतून फुटपट्टी काढली, बैठक मोजली आणि ओरडला, "हे कुठल्या गाढवानं केलंय? चार बोटं खाली आहे!"

"तुझ्या आईनं केलंय," एना मागून म्हणाली.

तो वळला. फुटपट्टी हातातच होती. मग एना म्हणाली, "चार बोटं काय, तीनच आहे. नीट मोज," आणि दोघं एकमेकांशी भांडत भांडत होडीच्या मागच्या टोकाशी गेली. संध्याकाळपर्यंत भांडत होती. इतकं गोड भांडण मी त्या किनाऱ्यावर पुन्हा ऐकलं नाही.

होडी जूनअखेरीस उतरली. इंजिन तेमाहून उसनं आणलं होतं. हेरिंग भरपूर आले. क्वामेना तेमाला परत गेला, पण दर हंगामाला येईन, असं सगळ्यांसमोर म्हणून गेला.

पुढच्या मे महिन्यात, मंगळवारी, एना कडुनिंबाखाली आली. धुरावरच्या हेरिंगचा हारा तिनं टेबलावर ठेवला. अबाचे कागद तीन दिवस त्याचा वास देत होते.

"आता तो दुसरा लिही. एक्स्पेक्ट. त्यानं कबूल केलंय, तू साक्षीदार आहेस."

अबानं लिहिला. मग तिची नजर एनाच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत निळा रंग होता.

"हे काय?"

"बैठक रंगवली. आणि त्याची खोली. आणि रंग उरला म्हणून शेळीचा गोठा."

"मग तिसराही लिहावा लागेल, एना."

"लिही की," एना म्हणाली. "दोन्ही लिही. कागद मोठा आहे."