नंबर नसलेली स्कूटर

हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. वारंगा फाट्यावर अजून काही लोक त्या टेलरचाचांना लबाड समजतात. तो समज मीच पसरवला, म्हणून आज लिहितो.

रस्ता मोकळा असला तरी चाचा वळणावर हात दाखवायचे. एक पाय लहानपणापासून लुळा. गावातून फाट्यावरच्या दुकानात बॅटरीच्या छोट्या स्कूटरवर यायचे. आवाज नाही, धूर नाही, नंबरही नाही. माझी सगळी नोकरी तहसीलमध्ये कारकुनीत गेली. नंबर नसलेली गाडी मला चोरीचीच वाटे.

"चाचा, पोलीस धरतील."

"काहून धरतील, साहेब? पंचवीसच्या वर पळतच न्हाई. हिला ना नंबर लागतो, ना लायसन." मग खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला कंपनीचा कागद काढायचे. "तुमची सायकल जोरात जाती हिच्यापरीस!"

टपरीवरचे हसायचे. मी नाही. इतक्या तयारीनं कागद दाखवणारा काहीतरी लपवत असणार, ही माझी खात्री.

एकदा पुलाच्या उतारावरून त्यांची स्कूटर सुसाट जाताना दिसली. वेग रोखणारी वायर कापून चाचांनी वेग वाढवलाय, असं मी टपरीवर सांगितलं आणि निनावी तक्रारही लिहिली. उतारावर बंद गाडीसुद्धा पळते, हे तेव्हा सुचलं नाही.

पोलिसांनी स्कूटर तपासणीसाठी नेली. फाट्यावरचे अर्ज मीच लिहायचो, म्हणून चाचा माझ्याकडेच आले.

"साहेब, गाडी सोडायचा अर्ज लिहून द्या. कुबडीवर येऊन राहिलो, काखेत फोड आले."

माझ्याच तक्रारीला मी मुद्द्यागणिक उत्तर लिहिलं. चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"ठाण्यात तक्रार दावली मला. ते अक्षर बी असंच देखणं हाय."

"कुणाचं असेल?"

"लिहिणाऱ्याला ठाऊक," म्हणाले आणि कुबडी सावरत उठले.

तपासणीत गाडीत काहीच खोट निघाली नाही. पण चार्जिंगविना ती कित्येक महिने ठाण्याच्या आवारात पडून होती. बॅटरी कायमची गेली, नवी परवडणारी नव्हती. चाचांनी दुकान बंद केलं. घरी बसून ते फाटकी दप्तरं शिवू लागले.

दोनदा त्यांच्या घरी गेलो. "या साहेब, च्या घ्या," म्हणाले. चहा प्यायलो, सोयाबीनवर बोललो, परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात गर्दी होती आणि जनाजा निघत होता.

चाचा, तक्रार मी केली होती. मला माफ करा.